चर्चमधलं कम्युनिकेशनचं काम: लोक नेहमी विचारतात ते प्रश्न

रविवारी उपासना सुटली की चपला शोधता शोधता कोणीतरी यातला एखादा प्रश्न विचारतंच, आणि मी दरवेळी उभ्याउभ्या अर्धवट उत्तर देतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. मी मराठवाड्यातल्या एका पास्टोरेटमध्ये, म्हणजे एका पाळकाच्या हाताखालच्या मंडळीत, हे काम बघतो, पगार नाही, नोकरी वेगळी आहे. त्यामुळे खाली जे आहे ते पुस्तकी नाही, चुका करून शिकलेलं आहे.

म्हणजे तुम्ही पोस्टर बनवता ना?

बनवतो, पण ते सगळ्यात सोपं काम. नाताळचं पोस्टर मोबाईलवर अर्ध्या तासात होतं आणि दोन दिवसांनी ते कुणाला आठवतही नाही. खरं काम असं असतं की लांबच्या वस्तीवर कुणाच्या घरी मयत झाली तर ते पाळकसाहेबांना त्याच दिवशी कळतं का, बाप्तिस्म्याच्या वर्गाची वेळ बदलली तर ज्याला बदल माहीत नाही असा माणूस वीस किलोमीटर मोटारसायकल हाणत येऊन कुलूप बघून परत जातो का, संडे स्कूलची बाई दोन महिन्यांपासून आजारी आहे हे कमिटीत कुणाला ठाऊक तरी आहे का.

मला विचाराल तर चर्चमध्ये बातमीचे दोन रस्ते असतात, एक वरून खाली जाणारा आणि एक खालून वर येणारा. खाली जाणारा बहुतेक ठिकाणी डांबरी झालाय, ग्रुप आहे, बॅनर आहे, माईक आहे. वर येणारा अजून पांदण रस्ता आहे, आणि पहिल्या पावसात गाडी रुतते. माझा निम्मा वेळ त्या पांदणीतच जातो.

आपण तर सीएनआय, मग अँग्लिकन कसे?

हा प्रश्न तरुण पोरं जास्त विचारतात. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात सहा वेगवेगळ्या चर्चपरंपरा एक झाल्या आणि त्यातली एक अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या वळणाची, होती. म्हणून सीएनआय हे जगभरच्या अँग्लिकन कम्युनियनचंही सभासद आहे. आपल्याकडेच बघा ना, संभाजीनगरच्या छावणीतल्या क्राइस्ट चर्चची परंपरा इंग्लंडच्या चर्चची, तर जालन्याकडे रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवलं ते स्कॉटलंडच्या मिशनतर्फे, म्हणजे प्रेस्बिटेरियन. कुणाच्या आजोबांना छापील प्रार्थनेची सवय तर कुणाच्या आजोबांना लांबलचक उपदेशाची.

कम्युनिकेशनशी याचा संबंध काय तर रोजचा आहे. एक घर म्हणतं 'लेंत', दुसरं म्हणतं 'उपवासकाळ', तिसऱ्याला दोन्ही माहीत नाही कारण ते मागच्या वर्षीच मंडळीत आलंय. सूचना लिहिताना तिघंही डोळ्यासमोर ठेवावे लागतात.

पूर्वी हे असलं काही नव्हतं, तरी चर्च चालायचंच की?

असलं काही नव्हतं असं कोण म्हणतं. घंटा होती ती कशासाठी होती? लग्न ठरलं की तीन रविवार बॅन्स पुकारायची पद्धत, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून, ते काय होतं? आणि आपल्या शेजारी नगरला अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्येच 'ज्ञानोदय' सुरू केलं, तेव्हा तर बहुतेक लोकांना वाचता येत नव्हतं, तरी एकजण वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे.

शिवाय प्रत्येक गावात एक निरोप्या म्हातारा असायचा. आमच्याकडे होते एक, नाव लिहीत नाही, सायकलवर फिरायचे, कुणाकडे चहा, कुणाकडे भाकरी, आणि संध्याकाळी पाळकांच्या ओसरीवर बसून कोण आजारी, कोणाचं भांडण, कोणाची सून माहेरी गेली सगळं सांगायचे. थोडं जास्तच सांगायचे. ते गेले आणि त्यांच्या जागी आम्ही व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, तेव्हा लक्षात आलं की ग्रुप निरोप देतो पण चहाला बसत नाही.

मंडळी वाढली की नेमकं काय बिघडतं?

चाळीस घरं असतात तोवर पाळकसाहेबांना सगळ्यांची नावं पाठ असतात, शेळीला करडू झालं तेही माहीत असतं. घरं वाढली की नावं राहतात पण माणसं निसटायला लागतात. आणि आपल्याकडची वाढ सगळी एका जागी नाही हो. गावातलं पोरगं वाळूजला नाहीतर शेंद्र्याला कंपनीत लागतं, खोली घेऊन राहतं, त्याचं नाव गावच्या रजिस्टरमध्ये आणि माणूस एमआयडीसीत. दोन्हीकडच्या कमिट्यांना वाटतं तो दुसरीकडे जातो. तो कुठेच जात नसतो.

लातूरचं तर विचारूच नका. बारावी आणि नीटच्या क्लासला चारी बाजूंनी पोरं येतात, त्यात आपलीही असतात, सतरा वर्षांचं पोर होस्टेलवर एकटं. रविवारी ते काय करतं, मोबाईलवर मॅप उघडतं आणि 'चर्च' टाकतं. तिथे जर पिन चुकीची असेल, वेळ तीन वर्षांपूर्वीची असेल, किंवा 'कायमचे बंद' असं कुणीतरी टाकून ठेवलं असेल तर ते पोर परत खोलीवर जाऊन झोपतं. मॅपवरची नोंद ताब्यात घ्यायला एक रुपया लागत नाही. त्यात उपासनेची वेळ, भाषा, फोन, आणि दाराचा एक फोटो टाकायचा, दाराचाच, कारण नवीन माणूस गेटपाशी येऊन घुटमळतो. नाताळ, उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे), ईस्टर यांच्या वेळा वेगळ्या टाकायच्या. आणि पत्त्यात दोन्ही नावं येऊ द्या, २०२३ पासून कागदावर छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झालं तरी बाहेरून येणारा अजून औरंगाबाद आणि उस्मानाबाद टाकूनच शोधतो.

मला कुणी विचारलं की वाढत्या चर्चने सगळ्यात आधी काय करावं तर मी फेसबुक पेज म्हणणार नाही, मॅपची पिन म्हणेन.

ऊसतोडीला गेलेल्या घरांपर्यंत कसं पोचायचं?

बीडकडच्या, परभणी-जालन्याच्या काही भागातल्या मंडळ्यांचा हाच खरा प्रश्न आहे, आणि बाहेरच्या कुठल्याच ट्रेनिंगमध्ये याचं उत्तर मिळत नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या निघतात, नवराबायको मिळून एक कोयता, सोबत लेकरं, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. परत येणं पट्टा पडल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिल. आता हिशोब करा, आगमनकाळ, नाताळ, नवीन वर्ष, लेंत, कधी कधी ईस्टरसुद्धा यातच जातं. म्हणजे चर्चच्या वर्षातला सगळा मोठा भाग निम्मी मंडळी नसताना होतो. आणि आपण स्टेज सजवून फोटो टाकतो, 'मंडळी आनंदाने एकत्र आली'. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, बसून तो फोटो बघणाऱ्या बाईला काय वाटत असेल.

आम्ही काय करतो ते सांगतो. टोळ्या निघायच्या आधीच्या रविवारी त्यांच्यासाठी प्रार्थना ठेवतो आणि त्याच दिवशी एका साध्या वहीत लिहून घेतो, कोण, कोणत्या कारखान्यावर, मुकादमाच्या टोळीत फोन असलेला माणूस कोण, सोबत किती लेकरं, कोणी पोटुशी आहे का. ही वही फक्त पाळकांकडे आणि महिला संघाच्या एका ताईंकडे असते. मग आठवड्यातून एकदा पाळकसाहेबांच्या आवाजात व्हॉइस मेसेज, एक मिनिटाच्या आत, एक वचन, एक प्रार्थना, आणि गावाकडची एक बातमी. बातमी पाहिजेच. 'शाळेच्या विहिरीला पाणी आलं' एवढी बातमी असली तरी तो मेसेज चार वेळा ऐकला जातो. व्हिडिओ पाठवत नाही, कारण डेटा संपतो आणि चार्जिंगची बोंब असते. वेळ संध्याकाळी आठनंतरची, त्याआधी गाडी भरून, पाणी भरून, चूल पेटवून माणूस मोकळा झालेला नसतो.

दुसरं म्हणजे कारखाना ज्या भागात आहे तिथल्या पास्टोरेटला फोन. कोल्हापूर, पुणे, नाशिक या डायोसिस, म्हणजे बिशपच्या हाताखालचे विभाग, आपल्याच सीएनआयच्या आहेत, एक फोन केला की कुणीतरी नाताळला कोपीपर्यंत केक घेऊन जाऊ शकतं. दरवर्षी जमतं असं नाही. जमलं त्या वर्षी एका आजोबांनी परत आल्यावर सगळ्या चर्चला त्या केकची गोष्ट सांगितली, आणि त्यात केक किती कोरडा होता हेही सांगितलं.

ग्रुप ठेवावा की ब्रॉडकास्ट?

दोन्हीची कामं वेगळी. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ जणच बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, हे बहुतेकांना माहीत नसतं आणि मग 'मला आलाच नाही' वरून रुसवेफुगवे. ग्रुपमध्ये १०२४ पर्यंत माणसं बसतात. आमच्याकडे आता एक सूचनांचा ग्रुप आहे ज्यात फक्त ॲडमिन लिहितो आणि एक गप्पांचा आहे ज्यात काय वाटेल ते चालतं.

ही अक्कल महागात आली. पूर्वी एकच ग्रुप होता. एका बहिणीच्या वडिलांच्या अंत्यविधीची वेळ मी सकाळी सहाला टाकली, नऊपर्यंत त्या मेसेजवर गुलाबाची फुलं, गुड मॉर्निंग, आणि कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस येऊन बसला. दफनभूमीत नेहमी असतात त्याच्या निम्मीसुद्धा माणसं नव्हती. ती बहीण काही बोलली नाही. मीच अजून तिच्याकडे नीट बघू शकत नाही. तेव्हापासून मयतीची बातमी ग्रुपवर टाकतो आणि शिवाय चार भागांतल्या चार माणसांना फोन करतो, ते पुढे फोन करतात. जुनीच पद्धत आहे.

ज्या म्हाताऱ्या माणसांकडे मोबाईल नाही किंवा वापरता येत नाही त्यांचं काय?

त्यांना 'नातवाला विचारा' म्हणायचं नाही. नातू पुण्यात असतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चर्च ऑफ इंग्लंडने 'डेली होप' नावाची टोल-फ्री फोनलाइन काढली होती, इंटरनेट नसलेल्या माणसाने साधा फोन लावायचा आणि भजनं, प्रार्थना ऐकायच्या. इतकं मोठं श्रीमंत चर्च, तरी त्यांनाही कळलं की लाइव्ह स्ट्रीमने म्हातारी माणसं सुटतायत. आपल्याला टोल-फ्री परवडणार नाही पण साधा फोन परवडतो. आमच्याकडे तरुण संघातल्या प्रत्येकाला एक आजी किंवा आजोबा वाटून दिलेत, शनिवारी संध्याकाळी फोन करून उद्याची वेळ सांगायची. वेळ सांगायला दहा सेकंद लागतात, फोन वीस मिनिटं चालतो. पोरं आधी कुरकुर करत होती, आता एक पोरगी सांगत होती की तिच्या वाटची आजी तिलाच आधी फोन करते.

मोठ्या अक्षरात छापलेला सूचनेचा कागद दाराशी लावणं अजूनही उपयोगाचं आहे. हसू नका.

भाषा कशी ठेवायची?

आपली चर्चची मराठी एक वेगळीच गोष्ट आहे. 'दृढीकरण', 'नीतिमत्त्व', 'अभिषिक्त' हे शब्द आपल्याला लहानपणापासून कानावर पडलेत म्हणून सोपे वाटतात. नवीन आलेल्या माणसाला 'येत्या रविवारी दृढीकरणविधी' वाचून बांधकामाचं काहीतरी वाटतं, हा विनोद नाही, एकाने खरंच विचारलं होतं. म्हणून शब्द ठेवायचा आणि पुढे एक ओळ साधी लिहायची, बिशपसाहेब येऊन पोरांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणार आहेत अशी.

रेव्हरंड ना. वा. टिळकांनी शंभर वर्षांपूर्वी हे ओळखलं होतं. साहेबी चालीची भाषांतरित गाणी म्हणत बसलेल्या मंडळीला त्यांनी अभंग-ओवीच्या वळणाची भजनं दिली, टाळावर म्हणता येतील अशी. आज आपण तीच भजनं म्हणतो आणि सूचना मात्र सरकारी परिपत्रकासारखी लिहितो, 'सर्व संबंधितांनी उपस्थित राहावे'. संबंधित म्हणजे कोण? 'काय करायलेत रविवारी, या की' असं लिहिलं तर बिघडतं काय. अर्थात शोकसंदेशात असं नको, तेवढं तारतम्य पाहिजे.

देगलूरकडे तेलुगू, उदगीरकडे कन्नड बोलणारी घरं आहेत, संभाजीनगर-नांदेडला हिंदी-उर्दूत बोलणारी आहेत. त्यांना निदान व्हॉइस मेसेज त्यांच्या भाषेत गेला तर बरं.

उपासना लाइव्ह करायची का?

करा, पण एक मोबाईल, एक स्टँड आणि आवाजासाठी एक वायरचा माईक एवढ्यावर. चित्र अंधुक असलं तरी लोक बघतात, आवाज फाटला की बंद करतात. कॅमेरा लोकांच्या तोंडावर फिरवू नका, प्रभुभोजन घेताना तर अजिबात नको.

गाण्यांचं बघून घ्या. लेखक वारल्यावर पुढची साठ वर्षं कॉपीराइट राहतो, टिळक १९१९ मध्ये गेले, म्हणजे त्यांची भजनं तुम्ही बिनघोर गाऊ शकता. पण कुणाची रेकॉर्ड केलेली ट्रॅक मागे लावली तर यूट्यूबवर तिचा क्लेम येतो, भजन कितीही जुनं असो. पेटी-तबला बरा.

बाप्तिस्म्याचे फोटो टाकायला काय हरकत आहे, आनंदाची गोष्ट आहे ना?

आनंदाची आहेच, पण तो आनंद ज्याचा त्याने जगाला सांगायचा. मोठेपणी आपल्या मनाने मंडळीत आलेला माणूस असेल तर त्याच्या गावात, भावकीत, कामाच्या जागी त्या एका फोटोने काय होईल ते आपल्याला माहीत नसतं. 'वाढ दिसली पाहिजे' या हौसेपायी माणूस अडचणीत येतो. आमचा नियम असा की असे फोटो अल्बममध्ये, नेटवर नाही, मग वरून कुणीही मागवो.

लेकरांच्या बाबतीत तर कायदाच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालचं, आणि त्याची माहिती वापरायची तर आईबापाची पडताळता येईल अशी संमती पाहिजे. संडे स्कूलच्या फॉर्मवरच एक ओळ टाकून सही घ्या. आणि लेकराचं नाव, शाळा, फोटो हे तिन्ही एका पोस्टमध्ये कधीच नको. आजारी माणसाचा दवाखान्यातला सलाइन लावलेला फोटो 'प्रार्थना करा' म्हणून टाकायची सवय मोडा, नाव सांगितलं तरी प्रार्थना होते.

चर्चमध्ये काही वाईट घडलं तर बाहेर बोलायचं की झाकायचं?

झाकायचं नाही. आपल्याकडे लगेच 'प्रभूच्या नावाला बट्टा लागेल' सुरू होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये कँटरबरीचे तेव्हाचे आर्चबिशप, म्हणजे सगळ्या अँग्लिकन जगात पहिला मान असलेला माणूस, जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. कारण असं की ख्रिस्ती शिबिरांशी संबंधित एका माणसाने पूर्वी कितीतरी मुलांना अमानुष मारहाण केली होती, वेल्बींना २०१३ मध्ये ते कळलं, आणि चौकशी अहवालाचं म्हणणं असं की तेव्हा त्यांनी रीतसर पोलिसांत दिलं असतं तर त्या माणसाला कदाचित न्यायापुढे उभं करता आलं असतं. तो खटला न होताच मेला. बट्टा कशाने लागला ते तुम्हीच बघा.

आपल्याकडे २०१२ चा पॉक्सो कायदा सांगतो की मुलाबाबत लैंगिक गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं त्याने पोलिसांना सांगायलाच पाहिजे, पाळक असो की कमिटीचा सेक्रेटरी. आधी कमिटीत चर्चा, मग बिशपसाहेबांना पत्र, मग बघू, असं चालत नाही. कम्युनिकेशनवाल्याचं काम इथे सुंदर निवेदन लिहिण्याचं नाही. तक्रार कुठे करायची, कुणाचा नंबर, हे भिंतीवर कायम लावून ठेवणं हे आहे, काही घडायच्या आधी.

कमिटीच्या भांडणांचं मात्र वेगळं. ती ग्रुपवर कुणाच्याच बाजूने टाकायची नाहीत. मला दोन्ही बाजूंनी शिव्या बसल्यात, म्हणजे बहुतेक बरोबर करतोय.

पाळकसाहेबांच्या नावाने पैसे मागणारा मेसेज आला, काय करू?

पाठवू नका, जुन्या नंबरवर फोन करा. आम्ही चर्चचा एकच खातेनंबर आणि क्यूआर दाराशी लावलाय आणि तीन महिन्यांतून एकदा वेदीवरून सांगतो की याशिवाय दुसरा कुठलाही नाही.

खर्च किती येतो?

रिचार्ज, झेरॉक्स, वर्षातून दोन बॅनर. बाकी माणसांचा वेळ.

वाढ झाली की नाही हे कसं मोजायचं? लाइक तर वाढलेत.

लाइक पुण्यामुंबईच्या नातेवाइकांचे असतात. मी तीन गोष्टी बघतो. नवीन आलेला माणूस दुसऱ्यांदा आला का. ऊसतोडीवरून परत आलेलं घर पहिल्याच रविवारी आलं का, की 'आता कशाला, कुणी विचारलं पण नाही' म्हणून घरीच बसलं. आणि मयत, आजार, बाळंतपण यातल्या किती बातम्या आम्हाला त्याच दिवशी कळल्या. तिसरा आकडा वाढत असेल तर पांदण रस्ता दुरुस्त व्हायलाय असं समजायचं.

हे काम कुणाला द्यावं?

सगळे म्हणतात कॉम्प्युटर येणाऱ्या पोराला द्या. मी म्हणतो महिला संघातल्या एखाद्या अशा ताईंना द्या ज्यांना घराघरातलं माहीत असतं आणि ज्या ऐकलेलं पोटात ठेवू शकतात, हे दुसरं फार महत्त्वाचं, आणि त्यांच्या हाताखाली ते पोर द्या. उलटं केलं की सुंदर पोस्टर मिळतात आणि मयतीला माणसं नसतात.

मला मदत करायचीय, कुठून सुरू करू?

रजिस्टर मागून घ्या, गेल्या तीन रविवारांत न दिसलेली पाच नावं काढा आणि फोन करा. 'का आला नाही' विचारायचं नाही, 'कसं चाललंय' विचारायचं. दुपारी एक ते तीन करू नका, शेतातून आलेली माणसं जेवून जरा आडवी झालेली असतात.